मागच्या काचेवरचा अर्धचंद्र

आषाढात चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाटाच्या मधल्या वळणांवर एक वेळ अशी येते, की आतल्या आरशात काहीच उरत नाही. पुढची काच लख्ख असते, दोन्ही वायपर इमानाने हात मारत असतात, आणि आरशात मात्र पातळ ताक ओतल्यासारखी राखाडी भिंत. मागून कुणीतरी हॉर्न देतंय. ट्रक आहे, एसटी आहे की नुसतीच घाईतली जीप, कळायला मार्ग नाही. स्टिअरिंगच्या डाव्या दांडीच्या टोकाशी एक कडी असते, ती बोटाने एक खाच फिरवायची. मागे कुठेतरी ‘घुर्र’ होतं आणि त्या भिंतीत एक पंखा उघडतो. पंख्यात लालपरीचं नाक, आरशामुळे उलटी झालेली ‘कराड’ची पाटी आणि तिच्या वर ड्रायव्हरचा वैतागलेला चेहरा. मी बाजू देतो.

अर्धचंद्र देणे हा शब्दप्रयोग आपण माणसांसाठी ठेवला आहे. गचांडी धरून बाहेर काढणे. मागचा वायपर चिखलाच्या पाण्याला अक्षरशः अर्धचंद्र देतो, आणि त्याची खूणही तशीच काचेवर ठेवतो. कोकणातून आलेली कुठलीही हॅचबॅक बघा. सगळं ढुंगण तांबड्या मातीने माखलेलं आणि मधोमध एक स्वच्छ कमान, कंपासने काढल्यासारखी.

पुढच्या वायपरचं कौतुक सगळेच करतात. त्याला जागाही ऐसपैस मिळते. बॉनेटच्या मागे आडवी खोबण, तिच्यात मोटर, मोटरपासून दोन्ही हातांपर्यंत दांड्यांची लांबलचक जोडणी. मागच्याच्या वाट्याला काय येतं? डिकीचं दार. त्याचा पत्रा आणि आतलं प्लॅस्टिक यांच्यामधली चार बोटं जागा. ते दार दिवसातून दहा वेळा उघडणार आणि दहा वेळा आपटणार. एकच हात, आणि त्याने जवळजवळ पुरतं अर्धवर्तुळ फिरायचं. पाणी हवं तर ते गाडीच्या दुसऱ्या टोकाहून आणायचं. एवढ्या अडचणीत बसवलेली ही रचना मला अख्ख्या गाडीत सगळ्यात नेटकी वाटते. इंजिनाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत, ते त्यांनी करावं.

मुळात ही काच इतकी घाण का होते, इथूनच गंमत सुरू होते. पुढच्या काचेवर पाऊस येऊन आदळतो. मागच्या काचेवर पाऊस तसा थोडाच पडतो, गाडी त्याच्यापुढे पळत असते. मागे येतो तो चिखल, आणि तो खालून वर येतो. छपरावरून सरकत आलेली हवा छपराच्या मागच्या कडेला पोचते. तिथे काच एकदम खाली उतरलेली असते. वेगातल्या हवेला एवढं कोपऱ्यातलं वळण घेता येत नाही, ती कड सोडून सरळ पुढे निघून जाते. तिच्या खाली, काचेच्या पाठीशी, दाब कमी झालेली एक पोकळी उरते. ती भरायला आजूबाजूची आणि खालची हवा आत ओढली जाते आणि गिरक्या घेत राहते. चाकांनी उडवलेला चिखलपाण्याचा बारीक तुषार त्या गिरकीत सापडतो, वर चढतो आणि काचेवर बसतो. म्हणजे गाडी आपलीच धूळ आपल्याच पाठीवर घेत चाललेली असते. सेदान गाड्यांची मागची काच तिरकी असते, हवा तिच्या अंगाने बरीच खाली घसरत जाते आणि थेंबांनाही पुढे ढकलते. म्हणून सेदानला बहुधा मागचा वायपर नसतो आणि तिचं तसं अडतही नाही.

‘बहुधा’ म्हटलं, कारण हवेच्या भरवशावर राहिलेल्यांची फजितीही झाली आहे. ह्युंदाईची आयोनिक ५ ही विजेवरची गाडी 2021 साली आली ती मागच्या वायपरविनाच. दिसायला सुरेख, मागून सपाट, स्वच्छ रेषांची. गाडी घेतलेल्यांनी पावसात मागचं दिसत नाही म्हणून कुरकुर लावली. 2024 साली तिची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्या पाठीवर निमूटपणे वायपर आला. चित्रकाराने पुसून टाकलेली रेघ गिऱ्हाइकाने परत काढून घेतली, असं हे क्वचितच घडतं.

तसं बघितलं तर मागच्या वायपरचा इतिहास थोडक्यात आटोपतो. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन यांना काच पुसणाऱ्या हाताचं पेटंट 1903 साली मिळालं. तो हात आतून दांडी ओढून चालवायचा होता आणि तो पुढच्या काचेचा होता. मागे वायपर बसवण्याचे प्रयोग 1940च्या दशकात झाले, पण लोकांच्या डोळ्यांत तो भरला 1966 साली पोर्शच्या 911 वर आणि 1969 साली व्होल्व्होच्या 145 या लांबोड्या एस्टेट गाडीवर. सत्तरच्या दशकात उभ्या पाठीच्या गाड्या वाढल्या तसा तो पसरला. आपल्याकडे मात्र अजूनही तो ‘टॉप मॉडेल’चा दागिना आहे. स्वस्तातल्या मॉडेलला तीच काच, तोच चिखल, फक्त वायपरच्या भोकाच्या जागी रबरी बूच. याचा मला दरवेळी राग येतो. चिखल काही मॉडेल बघून उडत नाही.

माझा वायपर गेल्या वर्षी बिघडला, म्हणून मला त्याच्या पोटात बघायला मिळालं. आधी तो वाटेल तिथे थांबायला लागला, कधी काचेच्या मधोमध उभा, कधी तिरका. मग नुसताच हुंकार द्यायला लागला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मोबाइलवर बघून सांगितलं, “पूर्ण असेम्ब्ली बदलायला लागेल.” मी कराडातल्या माझ्या नेहमीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. त्यांनी डिकीच्या आतलं प्लॅस्टिक काढलं, तीन नट सोडवले, मोटर तळहातावर घेतली आणि म्हणाले, “सर, बसा. चहा सांगतो. हे बघण्यासारखं आहे.”

खरोखरच होतं. एका बाजूला लोखंडी डबी, औषधाच्या बाटलीएवढी. तिच्या आतल्या भिंतीला चिकटवलेली चुंबकं, मध्ये तांब्याच्या तारेने गुंडाळलेला आर्मेचर, त्याला दोन बाजूंनी घासणारे कार्बन. ही झाली कुठलीही साधी बारा व्होल्टची मोटर. हिचे फेरे मिनिटाला हजारोंच्या घरात, आणि काचेवरच्या हाताने मारायचे चाळीसेक. म्हणून आर्मेचरच्या दांड्याच्या टोकालाच स्क्रूसारखे आटे पाडलेले, तो वर्म. तो एका प्लॅस्टिकच्या मोठ्या दातेरी चाकाला आडवा चावतो. वर्मचा एक फेरा झाला की चाक एक दात सरकतं. वेग गेला, ताकद आली. आणखी एक फायदा फुकटात मिळतो. वर्म चाकाला फिरवू शकतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून गाडी शंभरच्या वेगाने चालली तरी वारा वायपरला हलवू शकत नाही. तो बसवला तिथेच बसतो. आणि म्हणूनच गाड्या धुणारा पोरगा काच पुसायला तो हात जोर लावून बाजूला सारतो, तेव्हा आत प्लॅस्टिकच्या दातांवर बेतते. मिस्त्रींच्या डब्यात असले बोडके झालेले चार-पाच गिअर होते. “हे सगळे धुतलेले,” ते म्हणाले.

इथपर्यंत पुढच्या वायपरमध्येही असंच असतं. आता जे आहे ते खास मागच्याचं, आणि मला विचाराल तर या रचनेचा गाभा.

मोटर एकाच दिशेने फिरते. ती थांबत नाही, उलटी होत नाही. हात मात्र गेला तसा परत आला पाहिजे. पुढच्या काचेवर हे दांड्यांच्या जोडणीने होतं. चाकावर मध्यापासून जरा बाजूला एक खुंटी, तिला दांडी, दांडीच्या दुसऱ्या टोकाला मागेपुढे झुलणारा हात. शिलाई मशिनचं पायडल चालवलेल्या कुणालाही हे ओळखीचं आहे, फक्त उलट्या बाजूने. पण असल्या सरळ जोडणीतून हाताचा झोका फार मोठा मिळत नाही. मोठा करायला गेलं तर टोकाशी दांड्या एका रेषेत येतात आणि अडतात. मागे तर एकाच हाताने दीडशे-एकशेसाठ अंश फिरायचंय.

त्यावर काढलेली तोड अशी. खुंटीला अडकवलेल्या दांडीचं दुसरं टोक नुसतं टोक ठेवलेलं नाही. ते पंख्यासारखं पसरवून त्याच्या कडेला दात पाडलेत, पापडाच्या तुकड्याला कातरावं तसे. हे कातरलेले दात वायपरच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकात, म्हणजे पिनियनमध्ये, बसतात. दोघांचं अंतर सुटू नये म्हणून वरून एक पोलादी पट्टी दोघांना बांधून ठेवते. चाक फिरलं की खुंटी फिरते, दांडी मागेपुढे डुलते, आणि तिचा दातेरी पंखा त्या छोट्या पिनियनला गर्रकन फिरवून परत आणतो. दांडीचं डुलणं थोडंसं, पिनियनचं फिरणं भरपूर. मिस्त्रींनी बोटाने चाक हळूहळू फिरवून दाखवलं. माझी नजर दातांवरच होती. मधल्या भागात पिनियन वेगाने फिरतं, आणि दोन्ही टोकांशी आल्यावर अलगद मंद होतं, क्षणभर थांबतं आणि परत निघतं. हा मंदपणा कुणी वेगळा बसवलेला नाही. गोल फिरणाऱ्या खुंटीला सरळ रेषेत बघितलं की ती कडेला मंद दिसते, तेवढंच त्याचं मूळ. पण रबराला कूस बदलायला नेमका तेवढाच अवधी हवा असतो.

वायपरचं रबर हातात घेऊन कडेने बघा. वर जाड पाठ, मग एक अरुंद मान, आणि खाली चाकूने कापल्यासारखी तीक्ष्ण ओठाची कड. हात डावीकडे चालला असेल तर ओठ मानेतून उजवीकडे वाकलेला असतो, मागे ओढला जाणारा. तसाच वाकलेला राहिला तरच पाणी निघतं. हात परतताना ओठाने दुसऱ्या बाजूला पलटी मारायची असते. रबर कोवळं असेल तर ही पलटी ऐकूही येत नाही. कडक झालं की ओठ पलटत नाही, उभाच घासटला जातो आणि मग ते ‘ट्रर्र, ट्रर्र’. पुढचं रबर निदान अधूनमधून वापरात असतं. मागचं बिचारं ऑक्टोबर ते मे उन्हात पडून राहतं आणि जूनच्या पहिल्या सरीला त्याच्याकडून एकदम सुरेल कामाची अपेक्षा. दर पावसाळ्याआधी ते बदलावं. जेवणाच्या एका थाळीएवढा खर्च.

आता थांबण्याबद्दल. आपण कडी बंद करतो तेव्हा हात काचेवर कुठेही असू शकतो. तिथेच थांबला तर आरशात आडवी काठी. पण तो थांबत नाही. उरलेली फेरी पुरी करतो, खाली आडवा होतो आणि मगच निजतो. हे कुणी सांगितलं त्याला?

त्या प्लॅस्टिकच्या चाकाच्या पाठीवर तांब्याची गोल तबकडी बसवलेली असते आणि तिच्यावर स्प्रिंगच्या पत्र्याची तीन बोटं घासत असतात. तबकडी एके ठिकाणी कापलेली, तिथे खाच. बटण बंद केलं तरी विजेचा दुसरा रस्ता या तांब्यावरून चालूच असतो, त्यामुळे मोटर फिरतच राहते. खाच बोटाखाली आली की तो रस्ता तुटतो. ही खाच बरोबर अशा जागी आहे की त्या वेळी बाहेर हात आडवा झालेला असतो. पण नुसती वीज तोडली तर मोटर जोरात असल्याने घसरून पुढे जाईल. म्हणून त्याच क्षणी दुसरं बोट मोटरची तार अर्थला जोडतं. फिरती मोटर आता स्वतःच वीज करायला लागते, ती वीज तिच्यातच फिरते आणि तिलाच अडवते. हात जागच्या जागी थबकतो. तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो तेव्हा जे होतं तेच. मैफल कुठेही तोडा म्हणून कुणी हात वर केला तरी तो आवर्तन पुरं करणार. माझ्या मोटरच्या तबकडीवर हिरवा गंज चढला होता. तिला सम सापडत नव्हती, म्हणून ती भलतीकडेच थांबत होती.

गंज कुठून आला? पाण्यातून. आणि पाणी कुठून आलं, हा या रचनेतला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात धोक्याचा भाग.

काच धुण्याच्या पाण्याची टाकी एकच असते आणि ती पुढे, बंपरच्या कोपऱ्यात. पुष्कळ गाड्यांत पंपही एकच. त्याला दोन तोंडं, एक पुढच्या काचेसाठी, एक मागच्या. मोटर सुलट फिरवली की पाण्याचा दाब एका बाजूला वाढतो, मधला रबरी पडदा दुसऱ्या तोंडावर जाऊन चिकटतो आणि पाणी पुढे जातं. तारांची अदलाबदल करून मोटर उलट फिरवली की पडदा इकडे येतो, पाणी मागे निघतं. तोटी नाही, झडप उघडणारा कुणी नाही. मागे निघालेलं पाणी करंगळीहून बारीक नळीतून डॅशबोर्डखाली शिरतं, गाडीच्या कडेकडेने किंवा छपराच्या कापडाआडून जातं, डिकीच्या बिजागरीपाशी ती घडीची रबरी नळकांडी असते ना, तिच्यातून दारात उतरतं. गाडी चार मीटरच्या आतली असली तरी वळणं धरून ही नळी जवळपास तिच्याएवढीच भरते. म्हणून टोकाशी एक छोटी एकदिशा झडप बसवतात, नाहीतर नळीतलं पाणी प्रत्येक वेळी परत टाकीकडे घसरेल आणि तुम्ही बटण दाबून वाटच बघत राहाल.

काही गाड्यांत फवारा छपराच्या कडेला असतो. माझ्या गाडीत तो वायपरच्या बुडातच होता. म्हणजे पिनियनचा दांडाच पोकळ, त्याच्या आरपार पाण्याची नळी आणि टोकाला फवारा. बाहेरून एकही जादा भोक नाही, एकही जादा तुकडा नाही. ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी नमस्कार करतो. पण विजेच्या मोटरच्या पोटातून पाणी नेणं म्हणजे देवघरातून गटार काढण्यासारखंच. सगळा भार एका रबरी रिंगेवर. ती रिंग वाळली, चिरली, आणि पाणी हळूहळू आत झिरपलं. मिस्त्रींनी झाकण उघडलं तेव्हा ग्रीसचं पांढरट लोणी झालं होतं. “आयडिया भारी आहे सर,” ते म्हणाले, “पण वॉशर दोन रुपयाचा.”

सावकाश चालण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. कडीच्या पहिल्या खाचेत मागचा वायपर एकदा हात मारून काही सेकंद थांबतो, मग परत मारतो. मागे सतत पुसत बसायची गरजच नसते, तुषार हळूहळू साचतो. ही थांबत-थांबत चाल अमेरिकेतल्या रॉबर्ट कर्न्स या अभियंत्याने 1960च्या दशकात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जमवली. लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्यांचा एक डोळा जवळजवळ गेला होता. पापणी सतत फडफडत नाही, मधूनच मिटते, हे त्यांच्या मनात राहिलं. पुढे मोठ्या मोटार कंपन्यांशी ते वर्षानुवर्षं कोर्टात भांडले आणि त्यांतल्या काहींविरुद्ध जिंकलेही. ती सगळी कथा पुढच्या काचेची आहे, पण पापणी खरी शोभते ती मागेच. आणि पुष्कळ गाड्यांत, पुढचे वायपर चालू असताना रिव्हर्स टाकला की मागचा आपोआप एकदा हात मारतो. गाडीने मला न विचारता केलेल्या गोष्टींपैकी मला आवडणारी ही एकच.

मिस्त्रींनी ग्रीस पुसलं, तबकडी बारीक पॉलिश पेपरने घासली, नवी रिंग घातली, झाकण बसवलं. मोटर दारात बसवून नट आवळले. मी वायपरचा हात दांड्यावर चढवायला पुढे केला तर त्यांनी अडवलं.

“थांबा. आधी तिला घरी येऊ दे.”

त्यांनी कडी फिरवली, बंद केली. उघडा दांडा एक फेरी मारून थबकला. मग त्यांनी हात आडवा धरून दांड्याच्या बारीक खाचांत बसवला, नट आवळला, वर टोपी दाबली. आधी हात लावला असता तर तो आयुष्यभर तिरका निजला असता.

“मागे उभे राहा,” म्हणून ते ड्रायव्हरच्या सीटवर गेले. मी काचेपाशी उभा. पुढे पंपाची किणकिण ऐकू आली. काही नाही. परत किणकिण. काही नाही.

“आलं का?” आतून आवाज.

“नाही.”

“रिकामी नळी आहे, येईल.”

फवाऱ्याचं तोंड जरा वर वळलं होतं. पाणी आलं ते काच चुकवून थेट माझ्या शर्टावर. मिस्त्री खाली उतरले, खिशातून टाचणी काढली आणि फवाऱ्याच्या भोकात घालून हलकेच खाली वळवायला लागले.